आर-१५ घेऊन ट्रॅकवर उतरायचंय, पुढे रेसही करायचीय: सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, मुक्काम पुणे, हाताशी यामाहा आर-१५ व्हर्जन ३, ताम्हिणी-वरंधात भरपूर चालवलेली. आता ट्रॅकवर रीतसर शिकायचंय आणि जमलं तर एक-दोन वर्षांत नॅशनलच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या, नोव्हिस (नवख्यांच्या) रेसला उभं राहायचंय. त्यासाठी केटीएमची आरसी ३९० घ्यावी का, एक्झॉस्ट आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदलून घ्यावा का, आणि पैसे नेमके कुठे घालावेत?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी बदलू नका, इंजिनाला हात लावू नका. एक्झॉस्ट-ईसीयूसाठी काढून ठेवलेले पैसे टायर, ब्रेक पॅड, अंगावरचं सामान आणि प्रशिक्षण यांत घाला. पहिल्या वर्षात आर-१५चं इंजिन तुम्हाला कमी पडणार नाही, कारण ते पूर्ण वापरायलाच वर्ष जातं.

यामागे साधा हिशोब आहे. या गाडीची ताकद साधारण १८-१९ पीएस. गाडी, तुम्ही, सूट, हेल्मेट सगळं धरून वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. एवढ्या ताकदीत ९० वरून १०० ला जायला, वाऱ्याचा अडथळा धरून, दोन-अडीच सेकंद लागतात. वेग वाढेल तसा प्रत्येक पुढचा दहाचा टप्पा आणखी महाग होतो. म्हणजे कॉर्नरमध्ये घाबरून दहाचा वेग सोडलात, तर तो कमावण्यात पुढच्या स्ट्रेटचा, म्हणजे सरळ पट्ट्याचा, मोठा भाग जातो. मोठ्या गाडीवर हीच चूक थ्रॉटल पिळून झाकता येते आणि चूक झाली हेच कळत नाही. छोट्या गाडीवर ती घड्याळात लगेच उमटते. आरसी ३९०वर ट्रॅक शिकायला सुरुवात करणारे बरेच जण स्ट्रेटवर शूर आणि कॉर्नरमध्ये पाहुणे असतात, ते याच कारणाने. शिवाय तिचे टायर महाग आणि झिजतातही लवकर.

ट्रॅक कुठे आहेत

महाराष्ट्रात बाइकच्या नॅशनल रेस भरतील असा पूर्ण लांबीचा ट्रॅक नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. अशा ट्रॅकवर बाइकसाठी दिवस ठेवलेला असेल तर सोडू नका. आखूड ट्रॅकवर कॉर्नर एकामागून एक येतात, वेग बेताचा असतो, पडलात तरी नुकसान बेताचं होतं. शरीराची हालचाल आणि नजर यांचा सराव तिथे जेवढा होतो तेवढा मोठ्या ट्रॅकवर होत नाही. फक्त जायच्या आधी फोन करून बाइकला परवानगी आहे का, मार्शल आणि रुग्णवाहिका असणार का, हे विचारा. रुग्णवाहिका नसेल तर तो ट्रॅक डे (फी भरून ट्रॅकवर गाडी चालवायचा दिवस) नव्हे, नुसती मोकळी जागा.

खरं शिक्षण तमिळनाडूत. चेन्नईचा ट्रॅक श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० मध्ये सुरू झालेला, ३.७ किमी, १२ कॉर्नर. त्याआधी तिथल्या रेस शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. आता त्याचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण जुनी मंडळी अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. पुणेकरांसाठी गंमत अशी की कात्रज बायपासचा जो हायवे ४८ साताऱ्याकडे जातो, तोच कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू करत या ट्रॅकच्या दारावरून चेन्नईत शिरतो. दुसरा कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, २.१ किमी, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. आखूड आणि वळणदार असल्याने छोट्या गाडीला चांगला. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक ५.१ किमीचा. तिथे एक स्ट्रेटच किलोमीटरच्या वर आहे आणि १५५ सीसी गाडीवर तो संपता संपत नाही. नवख्याने त्याच्यासाठी पैसे घालवू नयेत.

पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक साडेअकराशे किमीच्या घरात. आर-१५ चालवत जायचं, ट्रॅक करायचा आणि चालवत परत यायचं, हा बेत सोडून द्या. एक तर मागचा टायर हायवेवर मधोमध सपाट होतो आणि झुकवताना त्या सपाट भागाच्या कडेवर गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. दुसरं, थकलेलं शरीर तिसऱ्या सेशनलाच (ट्रॅकवरच्या फेरीलाच) चुका करायला लागतं. आणि तिसरं, पडून गाडी वाकली तर परत कशी आणणार? तीन-चार जणांनी मिळून पिकअप करा, किंवा रेल्वे पार्सलने पाठवा. पार्सलला गाडीच्या नोंदणीपुस्तकाची (आरसी बुक) प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. लीव्हर, आरसे, फेअरिंग नीट गुंडाळा.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे पहिल्या वेळी गाडी नेऊच नका. चेन्नई-कोइम्बतूरकडच्या बऱ्याच अकादम्या प्रशिक्षणासाठी गाडी आणि लेदर सूट भाड्याने देतात. रजनी कृष्णन यांची आरएसीआर हे त्यातलं ठळक नाव, आणि टीव्हीएस अपाचे मालकांसाठी कंपनीचा अपाचे रेसिंग एक्स्पीरियन्स असतो. दुसऱ्याची गाडी असली की फेअरिंगची काळजी निम्मी होते आणि डोकं शिकण्यात राहतं. मात्र पडल्यावर नुकसानभरपाई किती, हे कागदावर आधी वाचून घ्या.

अंगावर काय

इथे तडजोड करायची नाही. हेल्मेट फुल-फेस, हनुवटीखाली डबल-डी रिंगने आवळायचं, ईसीई २२.०५ किंवा २२.०६ नाहीतर स्नेल मानकाचं. खटक्याचं बक्कल आणि हनुवटी वर उचलणारं मॉड्युलर हेल्मेट ट्रॅकवर चालत नाही. सूट लेदरचा, एकसंध. दोन तुकड्यांचा असेल तर कमरेभोवती पूर्ण फिरणाऱ्या चेनने जोडला जाणारा. जाळीचं टूरिंग जॅकेट डांबरावर घासलं की काही सेकंदांत फाटतं. ते उन्हाळी सहलीसाठी ठेवा. पाठीला ईएन १६२१-२ लेव्हल २ प्रोटेक्टर, हातमोजे मनगटावरून सूटच्या बाहीवर चढणारे, बूट घोट्याच्या वरपर्यंत.

सूट घेताना दुकानात उभं राहून बघू नका. गाडीवर, नाहीतर स्टुलावर, रायडिंगच्या स्थितीत बसा. उभं राहिल्यावर जो सूट आरामशीर वाटतो तो पडल्यावर अंगावर फिरतो आणि कोपराचं पॅड कोपरावर राहत नाही. उभं असताना थोडं वाकायला लावणारा, बसल्यावर जमून येणारा सूट बरोबर.

गाडीची तयारी

दुकानदार तुम्हाला विकतील त्यातलं निम्मं लागत नाही, आणि जे लागतं ते बहुतेक वेळा कुणी विकत नाही, कारण ते पान्याचं काम असतं.

आरसे, नंबर प्लेट, साडी गार्ड, मागचा टायर हगर (चाकालगतचा चिखलरोधक) काढा. साइड स्टँड काढा किंवा वर घट्ट बांधा. डावीकडे झुकताना पहिला तोच घासतो आणि मागचं चाक उचलून धरतो. हेडलाइट, इंडिकेटर, टेललाइटवर टेप मारा आणि हेडलाइटचा फ्यूज काढा. फूटपेगच्या खाली लोंबणारे बोल्ट काढले तर दोन-तीन अंश जास्तीची झुक मिळते. पण ते घासल्यावर आवाजाने तुम्हाला इशाराही देतात, म्हणून पहिल्या दिवशी राहू द्यावेत हे माझं मत.

ब्रेक हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च. ब्रेक ऑइल नवीन डॉट ४ भरा. नवं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि भिजलेल्या अवस्थेतली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पुण्या-कोकणाचा एक पावसाळा काढलेलं ऑइल ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला उकळायला लागू शकतं. उकळलं की लीव्हर मऊ होऊन हँडलपर्यंत येतो. ब्रेक न लागण्याचं दुसरंही एक रूप आहे: लीव्हर घट्ट, पण गाडी थांबत नाही. तेव्हा ऑइल ठीक असतं, पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. पहिल्याला ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं), दुसऱ्याला नवे पॅड. उलटं करून उपयोग नाही. नवे पॅड ट्रॅकवर जाऊन पहिल्यांदा दाबू नका. आधी रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत दहा-पंधरा वेळा, मध्ये थंड व्हायला अंतर ठेवून, बसवून घ्या. जमलं तर पुढे स्टीलची जाळी असलेला ब्रेक पाइप लावा. रबरी पाइप फुगतो आणि लीव्हरची जाणीव दर लॅपला थोडी बदलते.

टायर: या गाडीला पुढे १००/८०-१७, मागे १४०/७०-१७. रुंद टायर घालायचा मोह टाळा. ठरलेल्या रिमवर रुंद टायर चिमटतो, त्याचा आकार टोकदार होतो, गाडी वळायला जड होते. या मापात एमआरएफ रेव्ह्ज, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क अशा मऊ कंपाउंडच्या रस्त्याच्या टायरवर पहिलं वर्ष आरामात निघतं. स्लिक (खाचा नसलेला रेसचा टायर) नको. त्याला वॉर्मर, म्हणजे टायर आधीच तापवणारी वेष्टनं, लागतात आणि नवखा रायडर त्याच्यात ती उष्णता टिकवू शकत नाही. अगदी नवा टायर असेल तर पहिला सेशन पूर्ण हळू, कारण साच्यातलं निसरडं आवरण घासून जावं लागतं.

हवेचा दाब हा फुकटात मिळणारा सगळ्यात मोठा फायदा. स्वतःचा गेज ठेवा, पंपावरच्या मीटरवर विश्वास नको. सकाळी थंड टायरला पुढे २६-२७, मागे २७-२८ पीएसआयपासून सुरू करा. सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी, मोजा. तीन-चार पीएसआय चढला असेल तर ठीक. पाच-सहा चढत असेल तर टायर फार हलतोय, म्हणजे सुरुवातीचा दाब कमी आहे, थोडा वाढवून निघा. जेमतेम एक-दोन चढत असेल तर टायर तापतच नाहीये: एक तर दाब जास्त आहे, नाहीतर तुम्ही हळू आहात. बहुधा दुसरं. चेन्नईत दुपारी ट्रॅक भाजतो, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारी जसाच्या तसा चालत नाही. वहीत वेळ, ऊन, थंड दाब, गरम दाब लिहा.

पुढच्या फोर्कच्या नळीला एक बारीक झिप-टाय बांधून सीलपर्यंत खाली सरकवा. सेशननंतर तो कुठपर्यंत ढकलला गेला ते बघा. सगळ्यात जोराच्या ब्रेकिंगला फोर्कची हालचाल संपायला बोटभर जागा राहिली तर उत्तम. टाय टोकाला चिकटला असेल तर फोर्क आपटतोय. तुम्ही ७५-८० किलोंचे असाल तर हे होणारच. त्यावर थोडं जाड फोर्क ऑइल किंवा कडक स्प्रिंग हा उपाय. अडीच-तीन हजारांत होणाऱ्या या कामाने जो फरक पडतो, तो पंचवीस हजारांच्या एक्झॉस्टने पडत नाही.

चेन फार ताणू नका. रायडर बसला आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर गेला की चेन आणखी ताणली जाते, म्हणून कुणाला तरी बसवून सगळ्यात ताणलेल्या स्थितीतही थोडी ढिलाई आहे ना, हे तपासा. गिअरिंग मूळ १४/४८ राहू द्या. पुढे कधी आखूड ट्रॅकसाठी बदलावंसं वाटलं तर एवढं ध्यानात ठेवा: पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे जवळजवळ चार दात वाढवणं. म्हणून बारीक बदल मागून करायचे, पुढून नाही.

रेससाठी आणखी दोन कामं लागतात, आणि ती आत्ताच शिकून घेतली तर बरं. एक, रेडिएटरमधलं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर. कूलंटमधलं ग्लायकोल ट्रॅकवर सांडलं की साबणासारखं घसरतं आणि पाण्याने सहज निघत नाही. गाडी परत रस्त्यावर आणताना कूलंट पुन्हा भरायला विसरू नका, नुसत्या पाण्याने आत गंज धरतो. दोन, लॉक-वायर. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, ऑइल फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट, पुढच्या कॅलिपरचे बोल्ट यांच्या डोक्याच्या कडेला दीड मिलिमीटरचं भोक पाडा, ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार ओवा, पिळा आणि दुसरं टोक इंजिनाच्या पक्क्या जागी अडकवा. तार अशी बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार ताणली जाऊन त्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. उलट बाजूने बांधलेली तार स्क्रुटिनीला (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला) दिसायला छान दिसते, कामाची शून्य. ड्रिल घाईने फिरवलंत तर बारीक बिट बोल्टमध्येच तुटतो. थेंबभर तेल टाकत, हळू.

पहिला दिवस

सकाळच्या ब्रीफिंगला झोपू नका. झेंडे तोंडपाठ हवेत. हलणारा पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल: सेशन थांबला, हात वर करून हळूहळू पिटकडे. जागच्या जागी ब्रेक मारायचा नाही, मागचा येऊन आदळेल. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा: ट्रॅक घसरडा. काळ्यावर केशरी गोळा आणि तुमचा नंबर: गाडीत काहीतरी सांडतंय किंवा लोंबतंय, कडेला व्हा. पिटमध्ये येताना हात किंवा पाय बाहेर काढून मागच्याला सांगा. पिटमधून बाहेर पडताना पांढरी रेघ ओलांडू नका. ओव्हरटेक होण्याची भीती नवख्यांना फार असते आणि ते वळून मागे बघतात. बघू नका. आपली लाइन धरून चाला, चुकवायची जबाबदारी मागच्याची.

पहिला सेशन एकाच गिअरमध्ये, शक्यतो ब्रेक न लावता. वेडेपणा वाटेल, पण ब्रेक नाही म्हटल्यावर कॉर्नरमध्ये शिरण्याचा वेग थ्रॉटल कधी सोडायचा यावरूनच ठरवावा लागतो आणि वेगाचा अंदाज डोळ्यांत बसतो. दुसऱ्या सेशनपासून प्रत्येक कॉर्नरला तीन खुणा पक्क्या करा: ब्रेक कुठे, वळवायचं कुठे, आणि आतल्या कडेला सर्वांत जवळ कुठे यायचं. ही तिसरी खूण, एपेक्स, मनाला वाटतं त्यापेक्षा पुढे ठेवा. घाटातली सवय लवकर वळण्याची असते, कारण तिथे पुढचं काही दिसत नाही आणि समोरून एसटी येते. ट्रॅकवर लवकर वळलात की एपेक्स लवकर येतो, मग कॉर्नर संपायच्या आत ट्रॅक संपतो आणि तुम्ही बाहेरच्या गवताकडे बघत थ्रॉटल बंद करता. बाहेर जाणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक शेवटी नसते, वळवण्याच्या जागेवर झालेली असते.

तिथून पुढे पडण्यापर्यंतचा क्रम नीट समजून घ्या. झुकलेल्या गाडीवर थ्रॉटल झटकन सोडला की वजन पुढे येतं. पुढच्या टायरला आधीच वळायचं काम असतं, त्यात हा भार. गाडीचा वर्तुळ आवळण्याकडे कल होतो, रायडर दचकतो, हँडल घट्ट धरतो, आणि काही वेळा वरून पुढचा ब्रेकही दाबतो. पुढचं चाक आत घसरतं आणि गाडी कुशीवर. यात टायरचा दोष क्वचित असतो. उपाय कंटाळवाणा आहे: आत शिरताना पाच किलोमीटर हळू, पण एपेक्सच्या आधीपासून थ्रॉटल एकसारखा उघडत न्यायचा. एकदा उघडला की बंद नाही. छोट्या गाडीवर बाहेर पडताना तो शेवटपर्यंत उघडा हवा. अर्ध्यावर ठेवून बसणारे पुष्कळ दिसतात.

झुकण्याचं गणितही डोक्यात असू द्या. ५० मीटर त्रिज्येच्या कॉर्नरला ताशी ६० ला साधारण ३० अंश झुक लागते, ७० ला ३८, ८० ला ४५. म्हणजे दहाच्या वाढीला सात-आठ अंश. ४५ च्या पुढे रस्त्याचा टायर आणि फूटपेग दोन्ही हात टेकतात. शरीर आत काढलं की त्याच वेगाला गाडी काही अंश कमी झुकते. बाहेर लटकायचं ते याच्यासाठी, फोटोसाठी नाही. पायाचा चवडा पेगवर, अर्धी बैठक सीटबाहेर, बाहेरची मांडी टाकीला रोवलेली, हात सैल. कोपर हलवून बघा: ते हलत नसतील तर तुम्ही हँडलला लटकलाय आणि गाडीला स्वतःचं काम करू देत नाही. बैठक ब्रेक मारायच्या आधी सरकवा, वळताना नाही. गुडघा टेकणं हे ध्येय ठेवू नका. लाइन आणि वेग जमले की तो आपोआप टेकतो, आणि न टेकताही चांगले लॅप निघतात. घाटात गुडघा टेकवणाऱ्यांबद्दल इथे चर्चा नको. समोरून येणाऱ्या ट्रकला ब्रीफिंग मिळालेलं नसतं.

ब्रेकिंग सर्वांत शेवटी सुधारा, कारण त्यातून मिळणारा फायदा छोट्या गाडीवर कमी आणि चुकीची किंमत जास्त. १२० वरून ६० ला येताना मध्यम जोराच्या, म्हणजे गुरुत्वाच्या ०.६ पट ब्रेकिंगला ७० मीटर लागतात, ०.८ पटीला ५३. सगळा फरक १७-१८ मीटरचा. पहिल्या दिवशी कॉर्नरआधीच्या २०० किंवा १५० मीटरच्या पाटीलाच ब्रेक लावा आणि तो एकदम न दाबता, आधी फोर्क खाली बसू दे, मग जोर वाढवा. वळवताना हळूहळू सोडा. झटक्यात सोडलेला ब्रेक फोर्क उसळवतो आणि नेमकं वळायच्या क्षणी पुढचं चाक हलकं होतं.

सेशन पंधरा-वीस मिनिटांचे असतात. त्यातल्या शेवटच्या तीन-चार लॅपला पडणारे बरेच असतात, कारण अंगातलं पाणी संपत आलेलं असतं. लेदरमध्ये चेन्नईचं ऊन म्हणजे दर सेशननंतर अर्धा-पाऊण लिटर पाणी आणि ओआरएस, तहान नसली तरी. हाताचे स्नायू दगड झाले, लीव्हर सोडताना बोटं उघडत नसली, तर उरलेला सेशन सोडा. व्यायाम करायचा तर प्लँक, स्क्वॉट आणि पळणं. हाताला नव्हे, पोटा-मांड्यांना दम हवा. वजन चार-पाच किलो उतरलं तर या गाडीवर ते फुकटचं ट्यूनिंग.

रेसकडे

चार-पाच ट्रॅक डे आणि एक लेव्हल वनचं प्रशिक्षण झाल्यावर, सलग दहा लॅपच्या वेळा एकमेकींपासून सेकंदभराच्या आत यायला लागल्या, की रेसचा विचार करा. एकच भन्नाट लॅप आणि बाकीचे तीन-चार सेकंद मागे, हे अजून तयारी नसल्याचं लक्षण. वेळ मोजायला रेसक्रोनोसारखं फोनचं ॲप पुरतं. फोन सीटखाली बंदिस्त ठेवा, हँडलवर नको.

परवाना एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचा. दर वर्षी नवा काढायचा. डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा फिटनेस फॉर्म, रक्तगट आणि नवख्यांसाठी मान्यताप्राप्त अकादमीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र तयार ठेवा. नॅशनलमध्ये १६५ सीसीपर्यंतच्या स्टॉक (जवळपास कंपनीतून आल्या तशाच) गाड्यांचा नोव्हिस गट चालत आलाय आणि आर-१५ त्यातच बसते. मात्र गटांची नावं आणि स्टॉक म्हणजे नेमकं काय बदलता येतं, हे दर हंगामाच्या नियमावलीत असतं. ती छापून घ्या आणि पिवळ्या पेनने वाचा. मनाने केलेला एक बदल पोडियमवरून खाली उतरवतो. सुरुवातीला इंजिनाला हात लावू नका म्हटलं, त्याचं दुसरं कारण हेच.

स्वतःची गाडी उभी करण्यापेक्षा स्वस्त वाट म्हणजे वन-मेक, म्हणजे एकाच कंपनीच्या गाड्यांची, मालिका. टीव्हीएसची १९९४ पासून आहे, तिच्यात नवख्यांचा आणि महिलांचा गट असतो. रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ पासून, पण ती ६५० सीसी, तुमच्यासाठी नंतरची गोष्ट. वन-मेकमध्ये निवड चाचणी होते, निवड झाली तर सगळ्यांना सारखी गाडी मिळते, मेकॅनिक आयोजकांचा. निवडीला नुसता वेगवान लॅप नव्हे, एकसारखे लॅप आणि न पडणं बघतात. अर्ज सुटतात त्या काळात लक्ष ठेवा, मुदत फार नसते.

नोव्हिस रेस पाच-सहा लॅपची असते, त्यामुळे स्टार्ट आणि पहिला लॅप यातच निम्मा निकाल लागतो. स्टार्टचा सराव बंद जागेत करा: सात-आठ हजार आरपीएम धरून ठेवायचे, क्लच अर्धा सोडून गाडी हलली की उरलेला दोन सेकंदांत सोडायचा. आरपीएम कमी धरले तर इंजिन दबतं आणि व्हीव्हीएच्या (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्यात पुन्हा चढेपर्यंत चार गाड्या पुढे जातात. पाच-सहा स्टार्टनंतर क्लच गार होऊ द्या, नाहीतर प्लेटी जळतात आणि त्याचा वास घरापर्यंत येतो. स्क्रुटिनीला आदल्या दिवशीच गाडी न्या. अडतं ते बहुधा इथेच: ब्रेक लीव्हरचं टोक गोळ्यासारखं नसणं, इंजिनाखाली ऑइल अडवणारा बंद बेली पॅन नसणं, थ्रॉटल सोडल्यावर स्वतःहून न मिटणं, नंबर लांबून न वाचता येणं.

पैसे

आकडे अंदाज म्हणून धरा. सूट, हेल्मेट, बूट, हातमोजे, पाठीचा प्रोटेक्टर मिळून भारतीय बनावटीचं चांगलं सामान घेतलं तरी ६० हजार ते लाखभर जातात, पण ते काही वर्षं टिकतं. टायरची जोडी आठ-दहा हजार, हंगामात दोन जोड्या. पॅड, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल किरकोळ. दर ट्रॅक फेरीला प्रवेश फी, पिकअपचा वाटा, मुक्काम, पेट्रोल. आणि लीव्हर, फूटपेग, क्लच केबल, गिअर लीव्हर यांचा एक सुटा संच कायम सोबत. पडल्यावर दोनशे रुपयांचा क्लच लीव्हर नाही म्हणून बाराशे किलोमीटर आलेला दिवस वाया जातो, हे दर ट्रॅक डेला कुणा ना कुणाचं होतं.

गाडीची नेहमीची विमा पॉलिसी रेसिंग आणि वेगचाचणीला लागू होत नाही, तसं तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर मोडलेलं सगळं तुमच्या खिशातून. आरोग्य आणि अपघात विम्यातही धाडसी खेळांच्या वगळणीचं कलम असू शकतं, ते पहिली फी भरायच्या आधी वाचा आणि कंपनीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. एजंटचं तोंडी 'होतं हो सर' इथे धरू नका. आयोजकांनी स्पर्धकांचा गट विमा काढला असेल तर त्याची रक्कम आणि जवळचं रुग्णालय कुठलं, हे ब्रीफिंगला विचारा. आणि परत पुण्यात आल्यावर आरसे, नंबर प्लेट, साडी गार्ड, हेडलाइटचा फ्यूज, कूलंट सगळं जागेवर गेल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.